तांब्याच्या कळंकातले कोडे

देवघरातला तांब्या चार दिवस घासला नाही की काळवंडतो. मग चिंचेचा गोळा आणि मीठ घेऊन बसायचे, ओल्या बोटांनी तो थर चोळून काढायचा. खालून लालसर तांबे पुन्हा वर येते. तो काळपट थर म्हणजे मुख्यतः तांब्याचे ऑक्साइड, तांब्याने हवेतला ऑक्सिजन धरून ठेवल्याची खूण. वायरमनचीही त्याच्याशी रोजची गाठ असते. जोड देण्याआधी तो तारेचे टोक पात्याने खरवडून चकचकीत करून घेतो, कारण निखळ तांब्यातून धावणारी वीज त्या पापुद्र्यापाशी अडते. तांबे वीज वाहणारे आणि त्याचे ऑक्साइड ती अडवणारे, असेच आपण धरून चाललो होतो.

१९८६ साली हा समज उलटला. झुरिकजवळच्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत गेऑर्ग बेडनोर्ट्झ आणि आलेक्स म्युलर या दोघांनी लॅन्थॅनम, बेरियम आणि तांबे यांचे एक ऑक्साइड भट्टीत भाजून तयार केले आणि ते थंड करत नेले. ३० केल्विनच्या वरच, म्हणजे शून्याखाली २४० अंशांच्या आसपास, त्याचा विजेला होणारा विरोध कोसळू लागला. दुसऱ्याच वर्षी दोघांना नोबेल मिळाले. १९८७च्याच सुरुवातीला इट्रियम, बेरियम आणि तांब्याच्या ऑक्साइडाने ९३ केल्विन गाठले. द्रव नायट्रोजन ७७ केल्विनला उकळतो, म्हणजे आता थर्माकोलच्या पेल्यात नायट्रोजन ओतून, काळ्या वडीवर लोहचुंबक अधांतरी ठेवून, कॉलेजातल्या पोरांना ही विजेला विरोधच न उरण्याची अवस्था, म्हणजे अतिसंवाहकता, दाखवता येऊ लागली. १९९३मध्ये पारा असलेल्या क्यूप्रेटने १३३ केल्विनपर्यंत मजल मारली. क्यूप्रेट हे या तांब्याच्या ऑक्साइडांच्या घराण्याचे नाव.

अतिसंवाहकता त्याआधी नवी नव्हती. लायडनला कामरलिंग ओनस यांनी १९११ साली पाऱ्यात ती ४.२ केल्विनला पाहिली होती. बार्डीन, कूपर आणि श्रिफर यांनी १९५७ साली तिचे कारणही सांगितले होते. धातूतले इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलतात, पण अणूंच्या जाळीच्या थरथरीमुळे त्यांच्यात एक हलकी ओढ तयार होते. त्या ओढीने ते जोडीजोडीने बांधले जातात आणि सगळ्या जोड्या एकाच तालात चालू लागतात. या हिशेबाने तीस-चाळीस केल्विनच्या फार पुढे जाता येऊ नये, असे बहुतेकांना वाटे. क्यूप्रेट तिथून कितीतरी पुढे गेले. मग त्यांच्यात इलेक्ट्रॉनांना जोडीने बांधते कोण? जवळपास चाळीस वर्षे झाली, सर्वांनी मान्य करावे असे उत्तर अजून नाही.

‘एवढ्या वर्षांत उत्तर नाही, मग केले काय?’ हा प्रश्न विज्ञानाबद्दल आस्था असलेली माणसेसुद्धा विचारतात. तो टाळण्यासारखा नाही आणि टाळूही नये. माझे उत्तर असे की, उत्तर न मिळणे आणि प्रश्न जागचा न हलणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आपण विज्ञानाचा जमाखर्च शोधांच्या यादीने मांडतो. अमक्या साली अमक्याने अमुक शोधले, झाले. पण धूसर प्रश्न आणि पक्के उत्तर यांच्यामध्ये एक लांबलचक काम असते. सोयीच्या समजुती एकेक करून खरवडून काढणे हे ते काम. क्ष-किरणांच्या साह्याने गेल्या वीसएक वर्षांत क्यूप्रेटमधल्या इलेक्ट्रॉनांबाबत हेच झाले. ते काम पुऱ्या अर्थाने ज्ञान आहे, आणि जमाखर्चात त्याला जमेचीच बाजू मिळाली पाहिजे.

आधी या पदार्थाचा मूळ स्वभाव पाहू. सगळ्या क्यूप्रेटांमध्ये तांबे आणि ऑक्सिजन यांचे सपाट थर असतात. त्यांत तांब्याचे अणू बुद्धिबळाच्या पटासारख्या चौकटीत, एकमेकांपासून ०.३८ नॅनोमीटरवर बसलेले असतात. शुद्ध पदार्थात प्रत्येक तांब्याच्या वाट्याला एक असा सुटा इलेक्ट्रॉन येतो. पाठ्यपुस्तकातल्या नेहमीच्या नियमाने हा धातू असायला हवा, पण तो वीज वाहत नाही. भरलेली पंगत डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक पाटावर एक जण बसलेला आहे आणि एका पाटावर दोघांनी बसायचे म्हटले तर भारी पडते. पंगतीत माणसे भरपूर आहेत, तरी कोणी जागचे हलू शकत नाही. इलेक्ट्रॉनांच्या परस्परांना ढकलण्यामुळे होणाऱ्या या कोंडीला नेव्हिल मॉट यांचे नाव दिलेले आहे. तिच्यात आणखी एक शिस्त असते. प्रत्येक इलेक्ट्रॉनाला स्पिन नावाचे एक इवलेसे चुंबकत्व असते. पंगतीत एक उत्तरेला तोंड करून बसला तर शेजारचा दक्षिणेला, असे हे चुंबक एकाआड एक उलटे लागतात.

आता लॅन्थॅनमच्या काही अणूंच्या जागी स्ट्रॉन्शियम घाला. प्रत्येक स्ट्रॉन्शियम थरातून एक इलेक्ट्रॉन काढून घेतो. पंगतीतले काही पाट रिकामे होतात आणि माणसे सरकू लागतात. पण सरकणारा नव्या जागी आपले तोंड जुन्याच दिशेला ठेवतो, म्हणून एकाआड एक लागलेली शिस्त विस्कटते. शंभरातले दोनच पाट रिकामे झाले की दूरवर पसरलेली ती चुंबकीय मांडणी मोडते. पाचाच्या आसपास अतिसंवाहकता डोके वर काढते, सोळाच्या सुमारास ती सर्वांत बळकट असते, आणि पंचविशीच्या पुढे मावळते. शिस्त मोडल्यावर उरते काय, हाच सगळ्या वादाचा गाभा. १९८७ साली फिलिप अँडरसन यांनी सुचवले की जोड्यांचे मूळ या चुंबकीय ओढाताणीतच असावे. त्यांच्याबरोबर या विचाराला गणिती रूप देणाऱ्यांत आपले गणपती बास्करन होते. दुसऱ्या बाजूला अनेकांचे म्हणणे असे की, मांडणीच मोडली तर चुंबकत्वाचा तिथे काय संबंध? तर्काने हा वाद सुटणारा नव्हता. कोणीतरी आत जाऊन पाहणे भाग होते.

पाहायचे कसे? १९१२मध्ये लाउए यांनी आणि पाठोपाठ ब्रॅग पिता-पुत्रांनी क्ष-किरणांनी स्फटिकातल्या अणूंच्या जागा काढण्याची रीत घालून दिली. त्या रीतीने क्यूप्रेटची रचना १९८७मध्ये झपाट्याने उलगडली. पण जागा कळल्या म्हणजे वागणे कळले असे होत नाही. साधा क्ष-किरण सगळ्याच इलेक्ट्रॉनांवरून विखुरतो. लॅन्थॅनमच्या क्यूप्रेटमध्ये एका तांब्यामागे सगळे मिळून पावणेदोनशेच्या आसपास इलेक्ट्रॉन असतात, आणि ज्याच्यामुळे सगळी जादू घडते तो बदल असतो एकाच्या सहाव्या हिश्श्याएवढा. जत्रेच्या गलक्यात एकाची कुजबुज ऐकण्यासारखे हे काम आहे.

इथे अनुनाद कामाला येतो. सारंगीला वाजवायच्या तारांखाली तरफेच्या बारीक तारा असतात. त्यांना कोणी हात लावत नाही. मुख्य तारेवर त्यांचा सूर लागला की त्या आपण होऊन गुंजतात, सूर जरा ढळला की गप्प होतात. अणूचेही तसेच आहे. तांब्याच्या आतल्या एका कवचातला इलेक्ट्रॉन उचलून बाहेरच्या रिकाम्या जागी नेऊन ठेवायला साधारण ९३० इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा लागते. क्ष-किरण नेमका त्या ऊर्जेला लावला की तांबे गुंजू लागते आणि बाकीचे अणू जवळजवळ मुके राहतात. ५३० इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास लावला तर ऑक्सिजन बोलू लागतो. २००५ साली पीटर अबामोंटे आणि सहकाऱ्यांनी ऑक्सिजनचा हा सूर लावून दाखवले की, लॅन्थॅनम-बेरियमच्या एका क्यूप्रेटमध्ये, आठांतला एक पाट रिकामा असताना, रिकाम्या जागा थरभर सारख्या पसरत नाहीत, त्या पट्ट्यापट्ट्यांनी गोळा होतात. त्याच्या दहा वर्षे आधी ट्रांक्वाडा यांनी न्यूट्रॉनांच्या साह्याने अशा पट्ट्यांची चाहूल दिली होती. न्यूट्रॉनाला विद्युतभार नसल्यामुळे त्याला अणूंचे त्या पट्ट्यांमुळे झालेले हलणे तेवढे दिसले होते. आता खुद्द इलेक्ट्रॉनांचीच साक्ष मिळाली.

पट्टे ही स्थिर खूण झाली. जोड्या बांधणारी गोष्ट मात्र हलणारी, थरथरणारी असणार. त्यासाठी दुसरी युक्ती हवी, आणि तिचे नाते थेट कोलकात्याशी आहे. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी दाखवले की, द्रवातून विखुरलेल्या प्रकाशातला थोडा भाग आपला रंग बदलून बाहेर येतो. त्याने गमावलेली किंवा कमावलेली ऊर्जा म्हणजे रेणूंच्या कंपनांचा हिशेब. हेच क्ष-किरणांनी, अनुनाद साधून करायचे. आत जाणाऱ्या किरणाची ऊर्जा आणि दिशा मोजायची, बाहेर येणाऱ्याचीही मोजायची. जी ऊर्जा आणि जो संवेग मधल्या मधे खर्ची पडला, तो पदार्थात उठलेल्या लहरीने घेतला. या पद्धतीचे नाव अनुनादी अप्रत्यास्थ क्ष-किरण प्रकीर्णन. प्रयोगशाळेत सगळे तिला इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘रिक्स’ म्हणतात.

नाव सोपे, काम कठीण. क्यूप्रेटमधल्या चुंबकीय लहरींची ऊर्जा जास्तीत जास्त ०.३ इलेक्ट्रॉनव्होल्ट असते. ९३०मधून ०.३चा फरक ओळखायचा आणि वर त्या फरकाचा आकारही काढायचा. विसाव्या शतकाच्या अखेरीस ही यंत्रे अर्ध्या-एक इलेक्ट्रॉनव्होल्टच्या खालचे काही वेगळे करू शकत नव्हती. मिलानच्या पोलितेक्निकोतले लुसियो ब्राइकोविच आणि जाकोमो गिरिंगेल्ली यांनी आपल्या चमूसह हा धागा वर्षानुवर्षे धरून ठेवला. स्वित्झर्लंडच्या सिंक्रोट्रॉनवर त्यांनी बसवलेल्या वर्णपटमापकाने तांब्याच्या सुरावर ०.१३ इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंतचा फरक गाठला. पुढे फ्रान्समध्ये ग्रनोबलच्या युरोपीय सिंक्रोट्रॉनवर तो ०.०३५च्या आसपास आला, म्हणजे पंचवीस हजारांत एक भाग.

ग्रनोबलचे हे यंत्र जवळून पाहण्यासारखे आहे. ८४४ मीटर परिघाच्या कड्यात इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरत असतात आणि वळताना क्ष-किरण टाकत जातात. त्यातला एक झोत गाळून, वळवून, एका निर्वात डब्यातल्या स्फटिकावर आणून सोडतात. स्फटिक तांदळाच्या दाण्याहूनही लहान असू शकतो. पण त्याच्यावरून विखुरलेला किरण मोजणारा पोलादी हात दहा मीटरांहून लांब आहे, आणि तो सगळाच्या सगळा त्या दाण्याभोवती फिरवता येतो, कारण कोन बदलला की संवेग बदलतो. आत शिरणाऱ्या अगणित किरणकणांपैकी फार थोडे या हातातून पार होऊन शोधकापर्यंत पोहोचतात. एक वर्णपट जमायला कधी अर्धा तास, कधी कित्येक तास लागतात. कोन बदला, पुन्हा थांबा. तापमान बदला, पुन्हा थांबा. वाट पाहणे हाच या कामाचा मोठा भाग.

या यंत्राबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे, कारण पुढचा सगळा वाद तिच्याभोवती आहे. रिक्स पदार्थाला धक्का देऊनच पाहते. आतल्या कवचातला इलेक्ट्रॉन उचलला की तिथे एक खड्डा पडतो. तो एक-दोन फेम्टोसेकंदच टिकतो, पण तेवढ्यात भोवतालचे इलेक्ट्रॉन त्याच्याकडे ओढले जातात. मग बाहेरचा एखादा इलेक्ट्रॉन त्या खड्ड्यात उतरतो आणि नवा क्ष-किरण निघतो. या उलाढालीत कधी पंगतीतल्या एकाचे तोंड उलटे होऊन जाते, आणि तो विस्कोट लहरीसारखा पुढे सरकतो. तांब्याच्या सुरावर अशी एकेरी उलथापालथ होऊ शकते, हे २००९मध्ये लुक आमेंट आणि सहकाऱ्यांनी गणिताने दाखवले. पुढच्याच वर्षी ब्राइकोविच यांच्या चमूने लॅन्थॅनमच्या क्यूप्रेटमध्ये या लहरी मोजल्या. शुद्ध पदार्थातले आकडे न्यूट्रॉनांनी आधी काढलेल्या आकड्यांशी जुळले. नवीन साधनावर भरवसा ठेवण्याचा हाच रास्त मार्ग आहे. जिथे उत्तर आधीच माहीत आहे, तिथे त्याला आधी तपासायचे.

मग आला पहिला मोठा धक्का. न्यूट्रॉनांच्या प्रयोगांत असे दिसत आले होते की, पाट रिकामे होत गेले की चुंबकीय लहरी क्षीण होत जातात. त्यावरून चुंबकत्वाला जोड्या बांधण्याच्या कामातून बाद ठरवण्याकडे अनेकांचा कल होता. २०११मध्ये श्टुटगार्टच्या माक्स प्लांक संस्थेतले मॅथ्यू ल ताकों, बर्नहार्ड कायमर आणि सहकारी यांनी इट्रियमच्या क्यूप्रेटांवर रिक्स लावले. अतिसंवाहकता जिथे पूर्ण भरात असते तिथेही लहरी ठणठणीत दिसल्या. त्यांची ऊर्जा शुद्ध पदार्थातल्याइतकीच होती आणि जोरही फारसा घटलेला नव्हता. दूरची मांडणी मोडली होती, शेजाऱ्या-शेजाऱ्यांतली ओढाताण मात्र जिवंत होती. दोन साधने वेगळे का बोलली, हेही समजण्यासारखे आहे. न्यूट्रॉन त्या एकाआड एक मांडणीची खास खूण जिथे उमटते तिथे सर्वांत स्पष्ट पाहतो. ९३० इलेक्ट्रॉनव्होल्टच्या किरणाची तरंगलांबी १.३ नॅनोमीटर असल्यामुळे त्याचा हात तिथवर पोहोचतच नाही, तो दुसऱ्या टोकाचा प्रदेश पाहतो. घराच्या दोन खिडक्यांतून दोघांनी डोकावले आणि दोघांनीही खरेच सांगितले.

इथे गोष्ट संपली असती तर छान बातमी झाली असती: चुंबकत्वच जोड्या बांधते, प्रश्न सुटला. पण २०१३मध्ये ब्रुकहेवन प्रयोगशाळेतल्या मार्क डीन आणि सहकाऱ्यांनी तेच साधन घेऊन पुढचे पाऊल टाकले. शंभरातले चाळीस पाट रिकामे असलेला, म्हणजे अतिसंवाहकता पार मावळलेला, लॅन्थॅनमचा पातळ पापुद्रा त्यांनी तपासला. न्यूट्रॉनांना भलेमोठे स्फटिक लागतात, इतक्या पातळ थरावर त्यांचे काही चालले नसते. रिक्सचे चालले. तिथेही चुंबकीय लहरी होत्याच. आता विचार करा. अतिसंवाहकता असो वा नसो, लहरी तशाच असतील, तर निदान त्या उंच ऊर्जेच्या लहरींना जोड्यांचे जनकत्व कसे द्यायचे? एकच साधन, दोन वर्षांचे अंतर, आणि निष्कर्ष एकमेकांकडे पाठ करून उभे.

याला कोणी गोंधळ म्हणेल, मी म्हणणार नाही. या दोन प्रयोगांनी दोन भोळ्या समजुती एकदम मोडल्या. ‘पाट रिकामे झाले की चुंबकत्व मरते’ ही एक, आणि ‘चुंबकत्व आहे म्हणजे अतिसंवाहकता असणारच’ ही दुसरी. उरला तो अरुंद आणि अवघड प्रश्न: लहरींचा कोणता भाग, कोणत्या ऊर्जेचा, कोणत्या दिशेचा, कितपत धडधाकट असला की कामाला येतो? १९८७ साली हा प्रश्न या रूपात विचारताही आला नसता. नंतर पाऱ्याच्या क्यूप्रेटांच्या दोन भावंडांवर केलेल्या मोजणीत असे दिसले की, ज्याची अतिसंवाहकता जास्त तापमानाला सुरू होते, त्याच्या चुंबकीय लहरींची ऊर्जाही जास्त. पुरावा पुन्हा चुंबकत्वाकडे झुकला, पण आता प्रत्येक झुकण्याला मोजमापाचा आधार आहे.

या वादातले मला सर्वांत मोलाचे वाटणारे प्रकरण त्यापुढचे आहे. २०१४मध्ये हार्वर्डच्या यूजीन डेमलर यांच्या गटाने मुळावरच बोट ठेवले. रिक्स ज्याला चुंबकीय लहर म्हणते ती खरोखर लहर आहे कशावरून? धातूत एकेकटे इलेक्ट्रॉन इकडचे तिकडे ढकलले गेले तरी वर्णपटात अशाच टेकड्या उमटू शकतात, असे त्यांचे गणित सांगत होते. आतल्या कवचातला तो क्षणभंगुर खड्डा चित्रात काय काय मिसळतो, याचा हिशेब नीट झालेला नाही, असा त्याचा अर्थ. आक्षेप नुसत्या प्रयोगावर नव्हता, ‘पाहिले’ या क्रियापदावरच होता.

प्रयोग करणाऱ्यांनी यावर हात झटकले नाहीत. पुढच्याच वर्षी श्टुटगार्ट आणि मिलानच्या गटांनी मत्तेओ मिनोला यांच्यासह दोन कसोट्या लावल्या. येणाऱ्या किरणाची ऊर्जा अनुनादापासून थोडी थोडी सरकवली, तर एकेकट्या इलेक्ट्रॉनांची टेकडी तिच्यामागून सरकली पाहिजे आणि लहर जागच्या जागी राहिली पाहिजे. शिवाय बाहेर पडणाऱ्या किरणाचे ध्रुवीकरण मोजले, तर तोंड उलटे झाले की नाही हे वेगळे कळते. मोजमापाचा कौल सामूहिक लहरींच्या बाजूने पडला. तरी आक्षेप वाया गेला असे मी मानत नाही. त्याच्यामुळे ध्रुवीकरणाची मोजणी या कामात मोलाची ठरली आणि वर्णपटाकडे पाहण्याची नजर कायमची सावध झाली. पुराव्याला प्रश्न विचारणारा माणूस पुराव्याचा शत्रू नसतो. तो विचारतो म्हणूनच पुरावा पक्का होतो.

विद्युतभाराच्या पट्ट्यांच्या बाबतीतही समजूत अशीच खरवडली गेली. ते पट्टे लॅन्थॅनमच्या घराण्याची खोड असावेत, आठांत एक पाट रिकामा असतानाची विकृती असावी, असे मानण्यास जागा होती. इट्रियमचे स्वच्छ, सरस क्यूप्रेट त्यापासून मुक्त असतील अशी आशा होती. २०१२मध्ये गिरिंगेल्ली आणि सहकाऱ्यांनी तिथेही विद्युतभाराची लाट दाखवली. दर तीन-सव्वातीन घरांमागे एकदा उसळणारी, सोळाएक घरांपर्यंत सूर धरणारी. तापमान उतरवत नेले तशी ती वाढली, आणि नेमकी अतिसंवाहकता सुरू झाली तशी ओसरू लागली. त्याच वर्षी योहान चांग आणि सहकाऱ्यांनी उच्च ऊर्जेच्या क्ष-किरणांखाली १७ टेस्लापर्यंतचे चुंबकीय क्षेत्र लावून अतिसंवाहकता दडपली, तेव्हा ही लाट पुन्हा उसळली. म्हणजे दोघींची स्पर्धा आहे, एकीने माघार घेतली की दुसरी पुढे सरसावते. २०१९मध्ये रिक्कार्दो अर्पाया यांच्यासह मिलानच्या गटाने आणखी खोल पाहिले. त्या नीटस लाटेच्या पाठीमागे भाराच्या अल्पजीवी, पसरट हेलकाव्यांचा एक मोठा समुदाय आहे, आणि तो खोलीच्या तापमानापर्यंत टिकून राहतो. ज्याला आपण एक अवस्था म्हणत होतो ती या अखंड खळबळीचे एक दृश्य टोक निघाली.

आता मूळ प्रश्नाकडे. उत्तर नाही, मग केले काय? एक आक्षेपक म्हणेल, उपयोगाचे बोला. तर उपयोग समजुतीची वाट पाहत थांबलेला नाही. क्यूप्रेटच्या फिती बनवून त्यांची चुंबके गुंडाळली जातात. २०२१मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये अशा फितींच्या एका मोठ्या चुंबकाने २० टेस्लांचे क्षेत्र गाठले, संलयनाच्या भट्टीसाठी. मग समजून घेण्याची गरज काय? गरज ही की या घराण्यातला आजवरचा प्रत्येक सदस्य चाचपडत, भाजून आणि मोजून सापडला आहे. का चालते हे कळल्यावाचून आपण फक्त शोधाशोध करू शकतो, रचना करू शकत नाही. २०२३च्या उन्हाळ्यात कोरियातून ‘एलके-९९’ या पदार्थाची बातमी आली तेव्हा खोलीच्या तापमानाच्या अतिसंवाहकाची आशा जगभर पसरली आणि काही आठवड्यांत मावळली. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेसह अनेकांनी तो पदार्थ करून पाहिला. अतिसंवाहकता नव्हती. रोधात दिसलेली उडी तांब्याच्या सल्फाइडाच्या भेसळीने येत होती. त्या काही आठवड्यांतल्या उत्साहाला मी नावे ठेवत नाही. पण उत्साहाला टिकाऊ जमीन लागते, आणि ती जमीन संथपणे वर्णपट गोळा करणारी माणसे तयार करतात.

आपल्या देशापुरते बोलायचे तर रामन यांचा दिवस आपण राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळतो, आणि इंदूरला २.५ अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्टचा इंडस-२ हा आपला स्वतःचा सिंक्रोट्रॉन आहे. मला वाटते, रामन यांचा वारसा त्यांच्या तसबिरीला हार घालण्याने जपला जाणार नाही. विखुरलेल्या प्रकाशात आणखी बारीक फरक वाचणारी यंत्रे बांधण्याने, आणि ती बांधणाऱ्यांना पुरेसा वेळ देण्याने तो जपला जाईल. मिलानच्या गटाने एका धाग्याला पदरची वर्षे दिली. अशा वर्षांचा हिशेब वार्षिक अहवालात बसत नाही. तो बसवण्याचा हट्ट सोडून देणे ही धोरण आखणाऱ्यांची जबाबदारी आहे, आणि ‘निकाल काय लागला’ याच्याबरोबर ‘कोणती समजूत मोडली’ हेही विचारायला शिकणे ही आपली, वाचकांची.

शेवटी, उत्तर आले हे ओळखायचे कशावरून? माझी कसोटी साधी आहे. कोणीतरी असा सिद्धांत मांडेल की जो एखाद्या क्यूप्रेटचा, अजून भट्टीत न घातलेल्या क्यूप्रेटचा, वर्णपट आधी कागदावर काढून देईल. चुंबकीय लहर कुठे असेल, किती रुंद असेल, भाराची लाट किती घरांवर उसळेल, आणि या सगळ्यांवरून जोड्या किती केल्विनला बांधल्या जातील, हे सगळे आधी सांगून. मग तो पदार्थ भाजला जाईल, दाण्याएवढा स्फटिक त्या दहा मीटरांच्या हातापुढे ठेवला जाईल, आणि कोणीतरी रात्रभर बसून वर्णपट जमण्याची वाट पाहील. सकाळी कागदावरची रेघ आणि पडद्यावरची रेघ एकमेकींवर बसली, तर कोडे सुटले. तशी सकाळ उगवेल तेव्हा तिच्यामागे या चाळीस वर्षांतले प्रत्येक खरवडणे उभे असेल. आज ते ज्यांच्या हातून घडते आहे, त्यांचे काम अपुरे राहिले असे म्हणायला मी तयार नाही.